एक की नऊ?

गणपती पेठ, सांगली. बँकेच्या काउंटरपुढे आमचे मामा, झेडपीच्या शाळेतले निवृत्त मास्तर. पिशवीत दोन पासबुकं, एक डायरी. चेहऱ्यावर सातवीचा वर्ग गप्प करणारा राग.

पेन्शन या बँकेत येते. विम्याचा हप्ता कापला जातो पेठेतल्याच दुसऱ्या बँकेतून. आजवर मामा इथून रोख काढून तिथे भरायचे. काल मी, म्हणजे भाच्यानं, मोबाईलवर ते दुसरं खातं जोडून दिलं. आज सकाळी एनईएफटीनं बारा हजार पाठवले. इकडे कापले गेले, तिकडे पोचलेच नाहीत.

"पैसं माझं, दोन्ही खाती माझीच. मग अडलं कुठं?"

आतल्या बाई शांतपणे म्हणतात, "काका, यूटीआर नंबर द्या."

हा नंबर म्हणजे त्या व्यवहाराची पावती. एनईएफटीचे पैसे एकेकटे जात नाहीत, दर अर्ध्या तासाला गठ्ठ्यानं जातात. १६ डिसेंबर २०१९पासून रात्री आणि सुट्टीतही. गठ्ठा पोचल्यावर समोरच्या बँकेनं दोन तासांत पैसे जमा करायचे, नाहीतर परत पाठवायचे.

परत का? मामांनी डायरी उघडली. खातेक्रमांक त्यांनी फळ्यावरच्या अक्षरात, मराठी आकड्यांत लिहिलेला. शेवटून तिसरा आकडा १. मी तो इंग्रजी नऊ म्हणून वाचला. ॲपनं खात्रीसाठी दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा नऊच घातला.

नाव बरोबर होतं, पण नावाला विचारतो कोण? पैसे जमा होतात खातेक्रमांकावर. तसं खातंच नव्हतं, हे आमचं नशीब. असतं, तर त्या अनोळखी माणसाच्या संमतीवाचून बँकेला पैसे काढून देता आले नसते. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसावं, अशी सोय १ एप्रिल २०२५पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं. आमची गडबड त्याच्या आधीची.

दुपारी मामांचा मोबाईल वाजला: बारा हजार परत. मी आकडा सुधारून खातं पुन्हा जोडलं. ॲप म्हणालं, नवीन खातं, चोवीस तास थांबा. हप्ता उद्या सकाळीच कापला जाणार होता.

मामांनी स्लिप भरली, रोख मोजून घेतली आणि छत्री उघडून पेठेतून चालू लागले. दुसरी बँक सात मिनिटांवर. मी मागून, डायरी धरून.