साडेनऊचा चिवडा कुणी मोजत नाही

नमस्कार. मागं उभे आहेत त्यांनी पुढं येऊन बसा हो, खुर्च्या रिकाम्या आहेत, मी काही कुणाला उठवून काल रात्री काय खाल्लं ते विचारणार नाही, आणि विचारलं तरी खरं कोण सांगणार म्हणा. आज आपण शुगर बॉर्डरवर आलेल्यांनी संध्याकाळनंतरचं खाणं कसं सांभाळायचं त्यावर बोलू.

शुगर बॉर्डरवर आलेली माणसं माझ्याकडं येतात तेव्हा मी आधी दिवसभराचं खाणं विचारतो. सकाळी पोहे, दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, शेंगाची चटणी, रात्री एक-दीड भाकरी, बास. ऐकून वाटतं ह्यांची शुगर वाढलीच कशी काय. मग शेजारी बसलेल्या वहिनी हळूच म्हणतात, "अहो, आणि ते टीव्हीपुढचं?" तिथून खरी यादी सुरू होते बघा, चहाबरोबर खारी, सातला येता येता कोपऱ्यावरची मिरची भजी, नऊला जेवण, मग मॅच बघत बघत चिवड्याचा डबा मांडीवर आणि झोपताना तोंड गोड करायला म्हणून अर्धा पेढा. हे सगळं त्यांच्या हिशोबात जेवणच नसतं.

बॉर्डर म्हणजे काय ते पटकन सांगतो. उपाशीपोटीची शुगर 100 ते 125, किंवा तीन महिन्यांची ॲव्हरेज म्हणतो ती एचबीएवनसी 5.7 ते 6.4. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, त्यात शुगरचे पेशंट 10 कोटींच्या वर आणि ह्या बॉर्डरवरचे साडेतेरा कोटींच्या वर. माझी स्वतःची एचबीएवनसी 6.1 आली होती, त्यामुळं मी काही वरच्या पाटावर बसून बोलत नाहीये.

आता माझा मुद्दा. काय खाल्लं हे आपण बघतो, किती वाजता खाल्लं हे बघत नाही. इथं सोलापुरात जुन्या माणसांना गिरणीचा भोंगा आठवत असेल, भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. तसा आपल्या शरीरातसुद्धा भोंगा आहे. स्वादुपिंड म्हणजे साखर आवरणारं इन्सुलिन तयार करणारी ग्रंथी, ती सकाळी जोरात कामाला असते, जेवण पडलं की इन्सुलिन भसकन येतं. संध्याकाळ झाली की स्वादुपिंडाची पाळी संपत येते, इन्सुलिन उशिरा आणि कमी येतं, वर झोपेच्या आधी दोनएक तास मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, चढायला लागतं आणि ते स्वादुपिंडाला सांगतं की बाबा आता दुकान बंद कर. नेमका त्याच वेळेला आपण डबा उघडतो. अमेरिकेत बोस्टनला प्रयोग झाला, 2015 मध्ये छापून आला, चांगल्या धडधाकट माणसांना तेच जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला दिलं, तर रात्री जेवणानंतरची शुगर 17 टक्के जास्त निघाली. जेवण तेच, माणसं तीच! आणि ही धडधाकटांची गोष्ट झाली, आपलं स्वादुपिंड तर आधीच ओव्हरटाइम करतंय.

दुसरा प्रयोग थेट आपल्यासारख्या बॉर्डरवाल्यांवर, अमेरिकेतच अलाबामात, 2018 चा. फक्त आठ पुरुष, म्हणजे प्रयोग छोटा आहे, हे सांगायलाच पाहिजे. पाच आठवडे त्यांना दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत, दुपारी तीनच्या आत दिलं. वजन उतरू दिलं नाही, तरी इन्सुलिन चांगलं लागू पडायला लागलं आणि बीपी पण खाली आलं. आता तीनला जेवण आटपा असं सोलापुरात सांगितलं तर मला हसतील, एप्रिल-मे मध्ये इथं दिवसा घास उतरत नाही, अंगण गार झाल्यावरच माणूस जेवतो, मी पण तसाच. पण साडेनऊचं साडेसातवर आणता येतं ना.

भजी सोडा असं मी म्हणत नाही. सोडा म्हटलं की माणूस चार दिवस सोडतो आणि पाचव्या दिवशी दोन प्लेट मागवतो. खायचंय ते पाचला खा, चहाबरोबर, बसून, ताटलीत घेऊन. मूठभर फुटाणे घ्या, भाजलेल्या शेंगा घ्या, पण मूठच हां, पसा नाही, शंभर ग्रॅम शेंगांत साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. चुरमुऱ्यांनी लोक फसतात, हलके म्हणून टोपलंभर खातात, पण फुगवलेला तांदूळ पोटात गेल्या गेल्या साखर होतो. आणि कडक भाकरी! ज्वारी मैद्यापेक्षा कधीही बरी, पण पाकीट फोडून कुरुमकुरुम खात बसलात तर ती पण भाकरीच आहे की, मोजायला नको का. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, तलावाच्या कडेनं चाला नाहीतर गच्चीवर, पायाचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात.

एक मात्र नीट ऐका. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे आणि डॉक्टरांनीच झोपताना काहीतरी खा म्हणून सांगितलंय, त्यांनी माझं ऐकून ते बंद करू नका, रात्रीतून शुगर खाली गेली तर भलतंच होऊन बसेल.

हां, बोला दादा. पॉवरलूमवर रात्रपाळी असते, मग कधी खायचं? हा प्रश्न यायलाच पाहिजे होता. 2021 मध्ये रात्रपाळीसारखंच जागवून प्रयोग केला, एका गटाला रात्री पण जेवू घातलं, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवलेल्यांची शुगर बिघडली, दिवसा जेवलेल्यांची नाही. म्हणजे डबा आहे तो पाळीला जायच्या आधी घरीच जेवून घ्या, रात्री एक-दोनला भूक लागलीच तर थोडे फुटाणे, ताक, आणि तो साखरेचा चहा चारदा होतो तो एकदाच. मुकादम सुट्टी रात्री एकलाच देतो म्हणता, ते खरंय, पण सुट्टी झाली म्हणून डबा उघडायलाच पाहिजे असं थोडंच आहे, बिनसाखरेचा चहा घ्या, गेटपाशी जरा फेरी मारा.

आणि कुणाचं काही?