आधी खुर्ची हलवा, मग माइक

घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न माइकचा विचारतो. कुठला घेऊ? माझ्या मते हा प्रश्न चौथा किंवा पाचवा यायला हवा. पहिला खोलीचा.

आपल्या फ्लॅटमधली नेहमीची दहा बाय दहाची बेडरूम घ्या. समोरासमोरच्या भिंतींत अंतर ३.०५ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एवढ्यावरून त्या भिंतींमध्ये कुठल्या लहरी ठाण मांडून बसणार ते निघतं. पहिली ५६ हर्ट्झच्या जवळपास, दुसरी ११२ च्या. आता गिटारची पाचवी तार मोकळी छेडा. ती ११० ला बोलते, म्हणजे खोली त्या एकाच स्वराला उचलून धरणार. त्यात गिटारच्या पोटातली हवाही १०० च्या आसपास घुमते. खोली चौरस, म्हणजे भिंतींच्या दोन्ही जोड्या त्याच स्वरावर तुटून पडतात. आणि ही दुसरी लहर खोलीच्या बरोबर मधोमध जोरात असते, जिथे आपण ऐसपैस म्हणून हमखास खुर्ची टाकतो! खुर्ची आणि माइक दोन्ही भिंतींपासून अडीच-तीन फुटांवर आणा. घुमणं बरंच बसतं, खर्च शून्य. इक्यूने, म्हणजे ठरावीक उंचीचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, तो स्वर कापता येतो, पण त्याबरोबर गिटारचा भरीवपणाही जातो.

मग माइक. साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाच्या तोंडाशी नको, तिथे नुसती ढमढम मिळते. बाराव्या फ्रेटकडे (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीकडे) तोंड करून एक-दीड वीत लांब ठेवा आणि तिथून कानाने शोधा. एका दिशेने ऐकणारा माइक जवळ आणला की खर्ज फुगतो, हे पक्कं. पण तुमच्या गाण्याला तो किती फुगलेला हवा, हे कुठलं सूत्र सांगणार? हेडफोन लावा, वाजवत राहा, मित्राला माइक इंचाइंचाने सरकवायला सांगा. बोटांनी वाजवणाऱ्याला आवडलेली जागा स्ट्रमिंगवाल्याला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडणाऱ्याला, बहुधा आवडत नाही.

लेव्हलबद्दल फार बोलायला नको. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडा, सर्वांत जोरातला फटका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्य ही आवाज फाटण्याची हद्द). पंखा बंद. मे महिन्यात ही शिक्षाच आहे, म्हणून पहाटे बसा.

तारेवरून बोट सरकताना कुईं होतं, ते पुसायची घाई नको. ते वाजवणाऱ्याचं आहे. खोलीचं घुमणं मात्र कुणाचंच नाही, त्याला माफी देऊ नका.

इथे कुणीतरी 'नेब्रास्का' या अल्बमचं उदाहरण देतंच. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, साध्या माइकांवर गाणी घेतली. कच्चा नमुना म्हणून. पुढे स्टुडिओत बँडसह तीच करून पाहिली, पण ती जान येईना, आणि अल्बम म्हणून त्या कॅसेटवरचं रेकॉर्डिंगच बाहेर आलं. यावरून लोक 'साधनांना काही अर्थ नाही' असं म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. घरी वाचवलेले कष्ट नंतर दुसऱ्यांच्या वाट्याला आले: कॅसेटवरचा तो आवाज तबकडीवर उतरवताना इंजिनियरांना चांगलंच झगडावं लागलं.