ड्युटी, ऊन आणि झोप

नमस्कार श्रोतेहो.

डॉक्टरांकडे गेलेला नोकरदार माणूस "मन ठीक नाही" असं सहसा म्हणत नाही. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, मान धरली आहे, अंगात त्राण नाही, असं तो सांगतो. बऱ्याचदा तक्रार शरीराची वाटते आणि मूळ मनात असतं. उलटही तितकंच घडतं. चिडचिड, विसराळूपणा, कशातच रस न वाटणं यामागे कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ ची कमतरता किंवा वाढलेली साखर निघते. म्हणून थकवा महिनाभर हटत नसेल तर आधी रक्तदाब मोजा आणि या 4 तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं करून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. तिला "फार विचार करू नकोस" असा सल्ला देऊन उपयोग नाही, तिला उपचार हवेत.

तपासण्या ठीक आल्या, तर माझ्या मते पहिलं लक्ष झोपेकडे द्यावं. व्यायाम, ध्यान, आहार सगळं चांगलं आहे. पण साडेपाच तास झोपणाऱ्या माणसाकडून यातलं काहीच फार दिवस टिकत नाही. मोठ्या माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते.

आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, शरीराचं घड्याळ आहे. ते उजेडावर चालतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की हे घड्याळ झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याच्या वेळेनं जास्त पक्कं होतं. आठवडाभर साडेपाचला उठणारा माणूस रविवारी नऊला उठला, की घड्याळ मागे सरकतं. रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारी अंग उचलत नाही. सुटीच्या दिवशीही उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. राहिलेली झोप दुपारी भरून काढा, पण 20 मिनिटं, आणि तीही तीनच्या आत. दोन-दोन तासांची वामकुक्षी रात्रीच्या झोपेतून वजा होते. उठल्यावर अर्ध्या तासात 10-15 मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर उजेडात राहा. सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, नुसतं उघड्यावर असणं पुरे.

चहाचंही सांगितलं पाहिजे. चहा-कॉफीतलं कॅफिन 5-6 तासांनंतरही जवळपास निम्मं अंगात असतं. बाजारपेठेत संध्याकाळी सातला, दुकान आवरायच्या वेळेला, गिऱ्हाईक आलं की कटिंग येतोच. दहाला झोपणाऱ्यानं शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्यावा. हा एक बदल पंधरा दिवस करून पाहा.

आता आपल्या भागातली खरी अडचण. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास जातो, आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. खोली तापलेली असेल तर ते उतरत नाही, माणूस कूस बदलत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी घरात भांडण होतं. जुन्या धाब्याच्या घरात मातीचं छत जाड असायचं. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभराचं ऊन रात्री आत सोडतो. सूर्य मावळल्यावर स्लॅबवर पाणी मारलं, तर झोपेच्या वेळेपर्यंत फरक पडतो. गच्चीवर झोपण्याची पद्धत उत्तमच, कठडा असेल आणि मच्छरदाणी लावली तर. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. बर्फगार पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

कुलरच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. खोली गच्च बंद करून कुलर लावतात. कुलर ओलसर हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरची खिडकी हातभर उघडी नसेल, तर तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि गार वाटण्याऐवजी चिकचिक होते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे जाळीवर पांढरा थर धरतो आणि पाणी नीट झिरपत नाही. हंगामाच्या मध्यावर एकदा तरी जाळी बदला किंवा धुवा. पावसाळा लागला की पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा.

ज्यांची रात्रपाळी असते त्यांचं गणित वेगळं आहे. भुसावळचे रेल्वेचे कर्मचारी, दीपनगरच्या वीज केंद्रातले कामगार, जळगाव एमआयडीसीत चटई आणि पाइपच्या मशीनवर उभे राहणारे, रुग्णालयातल्या सिस्टर. नाईटला जाण्याआधी संध्याकाळी दीड तास झोपून घ्या. जेवण ड्युटीवर चढण्यापूर्वी करा. रात्री लागलंच तर हलकं खा: भाकरी-वरण, केळं, मूठभर फुटाणे. रात्री दोन वाजता धाब्यावरची तर्रीदार शेवभाजी पोटाला जड जाते, कारण त्या वेळी पचन आणि साखर हाताळण्याची शरीराची ताकद कमी असते. वर जळजळ, आणि घरी आल्यावर झोप नाही. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. लक्ष सर्वांत कमी असतं तेव्हा, मग अनुभव कितीही असो. शक्य असेल तर नाजूक जोडणी, मोजमाप, पट्ट्याजवळचं काम त्या दोन तासांत टाळा. सुटल्यावर डोळे मिटत असतील तर मोटारसायकलला किक मारू नका. आवारातच 20 मिनिटं डोळा लावा, मग निघा. घरी जाताना गडद चष्मा घाला, खिडकीला काळं कापड लावा, आणि दारावरची घंटा, गल्लीतले फोन यांचा बंदोबस्त घरच्यांनी करावा.

पाळ्या लावणाऱ्या सुपरवायझरांनाही एक विनंती. पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवा. आपलं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा थोडं जास्त चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. उलट्या क्रमानं फिरवलेली माणसं जास्त थकतात.

मनाचं काम झोपेइतकं मोजता येत नाही, पण तिथंही पद्धत आहे. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात फिरत राहतं, आणि म्हणून जेवताना माणूस घरात असून घरात नसतो. काम सोडण्याआधी 5 मिनिटं काढून वहीत तीन ओळी लिहा: काय राहिलं, उद्या पहिलं काय करायचं, कुणाला फोन करायचा. "उद्या सकाळी दहाला अमुक पार्टीला वसुलीचा फोन" असं नेमकं लिहिलं तर डोकं ते सोडून देतं. "वसुली बघायची" असं मोघम लिहिलं तर सोडत नाही. उधारी, कपाशीचा भाव, मुलीचं लग्न, हप्ते अशा मोठ्या काळज्यांसाठी संध्याकाळी 15 मिनिटं ठरवून ठेवा आणि त्या कागदावर उतरवा. मात्र अंथरुणात पडल्यावर नाही.

धडधड वाढली तर श्वासाचा उपाय हाताशी आहे. नाकानं 4 आकडे श्वास आत, 6 आकडे बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला साधारण 6 श्वास होतात. चूक अशी होते की लोक छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि माणूस जास्तच घाबरतो. श्वास सावकाश हवा, मोठा नको. पण धडधडीबरोबर छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असेल तर श्वास मोजत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

व्यायामाचं थोडक्यात. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं पुरतं. रात्री जेवणानंतर 10 मिनिटं चाललात तरी साखर कमी चढते. ताकदीसाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता 10 वेळा उठबस करा, थांबून पुन्हा 10 वेळा. आठवडाभर बसून रविवारी जळगावच्या मेहरूण तलावाच्या वाटेवर एकदम तास-दोन तास धावणाऱ्याची पोटरी धरते, आणि पुढचे तीन आठवडे चालणंही बंद होतं. खाण्यात नवं काही शोधायची गरज नाही. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद आहे. धान्यात जे प्रथिन कमी पडतं ते डाळ भरून काढते. शेव आणि लोणचं मात्र मोजून खा, दिवसाचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहाटे साडेचारला उठून तीन डबे करणारी, दिवसभर शाळेत किंवा बँकेत काम करून रात्री साडेअकराला ओटा पुसणारी बाई पाच तास झोपते. तिला प्राणायाम शिकवू नका. तिच्याकडचं एक काम कायमचं काढून घ्या. रात्रीची भांडी, सकाळची भाजी चिरणं, मुलांचा अभ्यास, काहीही, पण रोज आणि न सांगता.

झोपेसाठी घोटभर दारू हा उपाय बरेच जण करतात. दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचीच गरज भासते.

आणि आता, कुणाला विचारायचं ते. उदासी किंवा कशातच रस न वाटणं सलग दोन आठवडे, जवळपास रोज टिकलं, तर ते आळस नाही, आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, बोलण्याचे पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी "आता जगून काय करायचं" असं म्हणालं तर ते ऐकून विषय बदलू नका. थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर त्याच दिवशी कुलपात टाका आणि किल्ली शेजारच्या भरवशाच्या घरी द्या. मग फोन लावा, आणि बोलणं सुरू होईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहा.