शेजारच्या वर्गातली बाई

श्रोतेहो, नमस्कार.

डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाला सराव पाठ आठवत असेल. मागच्या बाकावर निरीक्षक, आणि पाठ संपला की वहीत शेरा : 'विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.' तो वाढवायचा कसा, ते मात्र वहीत नसतं. नोकरी लागली की मागच्या बाकावर कुणी बसतं ते तपासणीपुरतंच. मग प्रशिक्षणात कितीही नवं ऐकलं तरी सोमवारी वर्गात गाडी जुन्याच वळणावर जाते.

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स हे शिक्षणाचे अभ्यासक १९८०च्या दशकात याच प्रश्नामागे लागले होते. नुसती व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं वर्गापर्यंत फारशी पोचत नाहीत. दोन शिक्षकांनी मिळून पाठाचं टाचण काढलं, ते एकमेकांच्या तासाला बसले, तर पद्धत टिकते, असं त्यांना आढळलं. मला त्यांचं पुढचं पाऊल अधिक पटतं. १९९६ साली त्यांनी लिहिलं, की तास पाहून अभिप्राय देणं सोडूनच द्या. अभिप्राय आला की गुणदोष आले, आणि सहकाऱ्याचा साहेब झाला! त्यांच्या मते शिकवणारा हा मार्गदर्शक, आणि बघायला बसलेला शिकणारा.

मग बघणाऱ्यानं करायचं काय? समजा, चौथीत भागाकार चाललाय. कागदावर बाकांचा नकाशा काढा. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे रेघ. तास संपेपर्यंत पहिल्या दोन बाकांवर रेघांचं जंगल, आणि खिडकीकडची रांग कोरी, असं बहुधा दिसतं. आणखी एक पाहा : प्रश्न विचारून बाई किती थांबल्या? मेरी बड रो या संशोधिकेला आढळलं, की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात.

कागद बाईंच्या हाती द्यायचा, शेरा न मारता. जॉइस-शॉवर्स यांना कदाचित एवढंही खपलं नसतं, मला चालतं.

द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी विचारतील, मी तिकडे बसलो तर माझा वर्ग कोण सांभाळणार? रास्त प्रश्न आहे. अशा वेळी मोबाइलवर तास टिपून ठेवा, आणि शाळा सुटल्यावर दोघं बसून पाहा. फक्त मोबाइलचं तोंड फळ्याकडे नको, मुलांकडे ठेवा.