क्लॅरेंडन: सत्तेच्या खुर्चीतला वकील

मंडळी, १६४१ सालचा वसंत ऋतू आहे. लंडनच्या पश्चिमेला, वस्ती संपते तिथे, पिकॅडिली नावाची करमणुकीची जागा होती. सावलीतल्या वाटा, खायची-प्यायची सोय, लाकडी गोळ्यांचा खेळ खेळायला हिरवळ. सरदार आणि पार्लमेंटचे सभासद दिवसभराची भांडणं संपवून संध्याकाळी तिथे जमत. त्या हिरवळीवर बत्तीस वर्षांचा एक वकील, एडवर्ड हाइड, अर्ल ऑफ एसेक्सला गळ घालतोय. विषय आहे राजा पहिल्या चार्ल्सचा उजवा हात, अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड. त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, पण पुरावा लंगडा निघाला. तेव्हा पार्लमेंटने खटल्याचा नाद सोडून, खास कायदा करून त्याचं मुंडकं उडवायचं ठरवलं. हाइड म्हणतो, पदं काढून घ्या, देशाबाहेर घालवा, जीव कशाला घेता? एसेक्स मान हलवतो. राजा उद्या माफी देईल, दंड परत करील. मेलेला माणूस बरा, त्याच्याइतकी खात्री दुसऱ्या कशाची नाही. १२ मे रोजी स्ट्रॅफर्डचं डोकं उडालं.

ही हकिकत आपल्याला सांगतो तो स्वतः हाइडच, तेव्हा त्यात त्याची बाजू उजळ दिसणारच. त्या कायद्याच्या विरोधात मत देणाऱ्या ५९ सभासदांच्या यादीत त्याचं नाव नाही, हेही ध्यानात ठेवा. हिरवळीवर बोलणं वेगळं आणि सभागृहात उभं राहणं वेगळं.

हा हाइड म्हणजेच पुढचा अर्ल ऑफ क्लॅरेंडन. जन्माने मोठा सरदार नव्हे. विल्टशरमधल्या डिंटन गावच्या जमीनदार घराण्यात १६०९ मध्ये जन्म, ऑक्सफर्डला शिक्षण, मग लंडनला वकिली. १६४० मध्ये तो पार्लमेंटमध्ये आला तो राजाचा टीकाकार म्हणून. राजाने सभागृहाला न विचारता जहाजपट्टी, म्हणजे आरमाराच्या नावाने कर, वसूल केली आणि न्यायाधीशांनी ती कायदेशीर ठरवली. हाइड त्या न्यायाधीशांवर तुटून पडला. म्हणणं सरळ होतं: राजाला तिजोरीची घाई असेल, पण न्यायाधीशाने कायदा वाकवायचा नसतो. वर्ष उलटायच्या आत तोच माणूस राजाच्या गोटात दिसतो, राजाच्या नावाने जाहीरनामे लिहितो. फिरला, असं त्याचे जुने सोबती म्हणाले. माझं मत असं की तो जागचा फारसा हलला नाही; मर्यादा आधी राजाने ओलांडली होती, आता पार्लमेंट ओलांडायला लागलं होतं. अशा माणसावर दोन्हीकडचे लोक संशय घेतात, आणि त्याच्यावर तो जन्मभर घेतला गेला.

मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं; त्याचा तपशील सोडून देतो. १६४६ मध्ये राजाची बाजू कोसळली तेव्हा राजपुत्राबरोबर, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्सबरोबर, हाइड सिली बेटांवर पोचला. पैसा नाही, धड खायला नाही. तिथे मार्च महिन्यात त्याने त्या यादवीचा इतिहास लिहायला घेतला आणि पुढे जर्सी बेटावर दोन वर्षं लिहीत राहिला. नंतरची बारा वर्षं जवळजवळ सगळी परदेशात गेली, कधी पॅरिस, कधी माद्रिद, कधी कोलोन. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल सत्तेवर आला आणि गेलाही. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स मायदेशी परतला, तोही रक्त न सांडता, यात हाइडच्या पत्रव्यवहाराचा आणि चिकाटीचा वाटा मोठा. तो लॉर्ड चान्सलर होताच. आता न्यायखात्याचा प्रमुख आणि मुख्य प्रधान या दोन्ही गोष्टी एकाच खुर्चीत आल्या. पुढच्या वर्षी अर्ल झाला.

राजा आणि त्याचं नातं कसं होतं? सल्लागारांची बैठक चालू असताना दोघं एकमेकांकडे चिठ्ठ्या सरकवत. त्या चिठ्ठ्या ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आजही आहेत. एकीत तरुण राजा लिहितो, बहिणीला भेटायला टनब्रिजला एक-दोन रात्री जावं म्हणतो. चान्सलर कळवतो, जा, पण लवाजमा थोडका न्या. राजा: फक्त रात्रीची पिशवी नेणार आहे. चान्सलर हबकतो: देवा, चाळीस-पन्नास घोडेस्वारांशिवाय नाही ना जाणार? राजाचं उत्तर: ते पिशवीतच धरलेत.

ही थट्टा पुढे टिकली नाही. क्लॅरेंडन संधिवाताने गांजलेला, जाडजूड, उपदेश करायची खोड असलेला. राजा तिशीतला, रंगेल. चान्सलरची पाठ फिरली की दरबारात त्याची नक्कल व्हायची. राजमुद्रेच्या थैलीऐवजी गळ्यात फुंकणीचा भाता, पुढे चालणाऱ्याच्या हातात राजदंडाऐवजी चुलीतलं फावडं. राजा खो खो हसायचा. ज्या मंत्र्याच्या नकलेवर मालक हसतो त्याचे दिवस भरत आलेत, हे दरबारी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्यात घरातच वीज पडली. त्याची मुलगी ॲन हिने राजाचा भाऊ जेम्स याच्याशी सप्टेंबर १६६० मध्ये चोरून लग्न केलं. ती गरोदर होती. कुठल्याही बापाला व्याही म्हणून राजघराणं मिळालं तर आनंद व्हावा, हा हादरला. लोक म्हणणार, म्हाताऱ्याने डाव टाकला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की मुलगी ड्यूकची बायको होण्यापेक्षा रखेल झालेली परवडली असती, राजाने तिला टॉवरच्या तुरुंगात घालावं, आणि तिचं डोकं उडवायचा कायदा मांडायला मी तयार आहे. स्ट्रॅफर्डसाठी दया मागणारा हाच गृहस्थ! हे बोलणं किती खरं आणि किती दाखवायचं, हे तुम्ही ठरवा. मला त्यात भीती जास्त दिसते. राजाने लग्न मान्य केलं. त्या ॲनच्या दोन मुली, मेरी आणि ॲन, पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या.

आता आपल्या जवळचा विषय. २३ जून १६६१ रोजी पोर्तुगालशी लग्नाचा तह झाला. राजकन्या कॅथरीनबरोबर वीस लाख क्रुझादोंचा (पोर्तुगीज नाण्यांचा) हुंडा ठरला, आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं टँजियर आणि मुंबई बेट आंदणात आलं. या तहामागे क्लॅरेंडनचं वजन होतं. पण लंडनमध्ये मुंबईचं कौतुक कुणाला नव्हतं. आरमार कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स १६६३ मध्ये रोजनिशीत लिहितो की मुंबईच्या बाबतीत पोर्तुगिजांनी आपल्याला फसवलं. एका अर्थी खरंच होतं: पोर्तुगिजांच्या गोव्याच्या व्हाइसरॉयने ताबा द्यायला टाळाटाळ केली आणि ताबा घ्यायला आलेलं इंग्रज सैन्य कारवारजवळच्या अंजदीव बेटावर रोगराईने सडलं. सेनापती अब्राहम शिपमन तिथेच गेला. हातात बेट आलं ते फेब्रुवारी १६६५ मध्ये, त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याच्या. तीन वर्षांनी राजाने ते सालाना दहा पौंड सोन्याच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. तोवर क्लॅरेंडन परागंदा झाला होता.

लोकांचा राग भलत्याच गोष्टींवर होता. राणीला मूल होईना. लोक म्हणाले, आपल्या नाती गादीवर याव्यात म्हणून याने मुद्दाम वांझ राणी शोधली. क्रॉमवेलने जिंकलेलं डंकर्क बंदर १६६२ मध्ये फ्रान्सला विकलं. लोक म्हणाले, दलाली याने खाल्ली. आणि त्याच सुमारास, बघा, पिकॅडिलीवर त्याचा प्रचंड वाडा उठायला लागला. जागा तीच, जिच्या आसपास एकेकाळी स्ट्रॅफर्डचा जीव वाचवायच्या गोष्टी झाल्या होत्या. जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या दुरुस्तीसाठी आणलेला दगड त्याने विकत घेतला. पाठोपाठ १६६५ चा प्लेग, १६६६ ची आग. लंडन बेचिराख आणि मंत्र्याचा वाडा झळकतोय! वाड्याला नाव पडलं ‘डंकर्क हाउस’. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसलं, चॅटमजवळ जहाजं जाळून राजाचं मोठं जहाज ओढून घेऊन गेलं, तेव्हा जमावाने वाड्यापुढची झाडं तोडली, काचा फोडल्या, फाटकावर फाशीचा खांब रंगवला आणि खाली लिहिलं: तीन गोष्टी पाहून घ्या, डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी. गंमत म्हणजे या डच युद्धाला त्याचा विरोध होता.

ऑगस्टमध्ये राजाने राजमुद्रा परत मागितली, म्हणजे पदावरून काढलं. थोड्याच दिवसांपूर्वी बायको वारलेली. शेवटच्या भेटीनंतर तो राजवाड्याच्या बागेतून परत निघाला तेव्हा राजाची लाडकी लेडी कॅसलमेन दुपारी बारा वाजता बिछान्यातून उठून तशीच पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपाशी धावत आली आणि म्हाताऱ्याला जाताना पाहून खूश झाली, असं पीप्सने ऐकून लिहिलंय. मग पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, राजद्रोहाचा आरोप ठेवला. वरच्या सभागृहातले लॉर्ड्स म्हणाले, नेमका कोणता राजद्रोह ते आधी सांगा, त्याशिवाय अटक नाही. राजानेच सुचवल्यावर नोव्हेंबरअखेर तो रात्रीतून फ्रान्सला निघाला. मागोमाग कायमच्या हद्दपारीचा कायदा झाला.

त्याच्यावरच्या आरोपांच्या यादीत बरीच भरताड होती. पण एक कलम खरं होतं, आणि माझ्या लेखी क्लॅरेंडनचा हिशोब तिथे होतो. आरोप असा: याने प्रजाजनांना कायद्याविरुद्ध दूरच्या बेटांवर आणि किल्ल्यांत कैदेत ठेवलं, म्हणजे न्यायालयाचा हात तिथवर पोचू नये. राजकीय विचारवंत जेम्स हॅरिंग्टनचं उदाहरण घ्या. १६६१ च्या अखेरीस त्याला पकडलं. राजाविरुद्धच्या कथित कटाची माहिती पार्लमेंटच्या समितीपुढे मांडली ती क्लॅरेंडननेच. खटला चालेना. बहिणींनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, म्हणजे ‘कैद्याला न्यायाधीशापुढे आणा आणि का धरलंय ते सांगा’. हुकूम बजावायच्या आत कैदी प्लिमथसमोरच्या सेंट निकोलस बेटावर पोचता झाला होता. कैदेत त्याची तब्येत आणि डोकं, दोन्ही बिघडलं. जहाजपट्टीच्या न्यायाधीशांना जाब विचारणाऱ्या वकिलाला यातलं काय चुकतंय हे कळत नव्हतं, असं मी मानत नाही. त्याला वाटत होतं, राज्य नुकतंच सावरलंय, थोडे दिवस चालवून घेऊ.

फ्रान्समध्येही सुख नव्हतं. एव्ह्रूच्या खानावळीत पगार थकलेल्या इंग्रज खलाशांनी त्याला बदडलं. पुढे माँपेलियेला जरा स्वस्थता मिळाली. तिथे कागदपत्रं जवळ नसताना त्याने आत्मचरित्र लिहिलं. नंतर मुलाने जुनी हस्तलिखितं आणून दिल्यावर ते आणि जर्सीत लिहिलेला यादवीचा इतिहास एकत्र गुंफला. म्हणून तो ग्रंथ वाचताना कुठला भाग ताज्या आठवणीचा आणि कुठला पंचवीस वर्षांनंतरचा, हे पाहत जावं लागतं. माणसं मात्र काय उभी करतो! क्रॉमवेल हा त्याचा हाडवैरी. त्याला तो ‘शूर पण वाईट माणूस’ म्हणतो आणि त्यातलं शूरपण नाकारत नाही. स्वतःबद्दल एवढं मोकळं लिहिलेलं नाही. वाड्यावरच्या उधळपट्टीची लाज वाटते, हे तेवढं कबूल केलंय. १६७४ मध्ये तो रूआँला वारला. वाडा १६८३ मध्ये पाडला गेला आणि आजची बाँड स्ट्रीट तिथल्या जमिनीवर आखली गेली. ग्रंथ छापला गेला १७०२ ते १७०४ मध्ये, नात ॲन गादीवर असताना. ऑक्सफर्डच्या पुस्तकांवर ‘क्लॅरेंडन प्रेस’ हे नाव दिसतं ते त्याचंच.

आणि तो आरोप? १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्यात तो कलम होऊन बसला. कुठल्याही प्रजाजनाला कैदी म्हणून स्कॉटलंड, आयर्लंड, जर्सी, गर्न्सी, टँजियर किंवा समुद्रापारच्या कुठल्याही जागी पाठवायचं नाही. मुंबईच्या सुप्रीम कोर्टातही हा अर्ज चालू लागला, पण कुठवर चालावा यावर १८२८ मध्ये ठिणगी पडली. पुण्याच्या मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाला नातेवाईक पांडुरंग रामचंद्र यांनी अडकवून ठेवलंय, त्याला हजर करा, असा हुकूम मुंबईतून सुटला. गव्हर्नर माल्कम अडून बसले, न्यायमूर्ती ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केलं, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, निर्णय गव्हर्नरच्या बाजूने दिला: मुंबई बेटाबाहेर राहणाऱ्या इथल्या रयतेसाठी असा हुकूम काढायचा अधिकार या कोर्टाला नाही.