‘कॉमन’ म्हणजे सर्वांची

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, उपासनेतल्या नित्याच्या संज्ञांविषयी मी बोलावे, असे ठरले आहे. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी असलेल्या ‘कॉमन’ या शब्दाविषयी माझ्या मनात जे साठले आहे, ते आधी सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. १५४९ साली आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ हे उपासनेचे पुस्तक सिद्ध झाले आणि लॅटिनमध्ये चालणारी उपासना लोकांच्या इंग्रजीत आली. येथे ‘कॉमन’ म्हणजे साधारण नव्हे. सर्वांनी मिळून करावयाची ती कॉमन प्रार्थना.

हा अर्थ निसटला की काय होते, ते मी एका मराठी उपासनेत पाहिले आहे. छापील पत्रिकेत ‘कलेक्ट’ या प्रार्थनेच्या नावासाठी कोणीतरी ‘वर्गणी’ असा शब्द घातला होता. धर्मगुरूंनी ‘आपण प्रार्थना करू या’ असे म्हणून डोळे मिटले आणि त्याच क्षणी दोघे सेवक दानाच्या थाळ्या घेऊन बाकांमधून निघाले. माझ्या शेजारच्या आजींनी घाईघाईने रुमालाची गाठ सोडून नाणे काढले. ते थाळीत पडल्याचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आला. मागे काहीजण हसले. मला मात्र फार वाईट वाटले, कारण त्या गाठीपायी आजींच्या वाट्याची प्रार्थना हुकली होती.

‘कलेक्ट’ ही पैशांची नव्हे, प्रार्थनेची गोळाबेरीज आहे. लॅटिन ‘कलेक्टा’वरून आलेल्या या शब्दाची फोड, जमलेल्यांच्या मनातील मागणी एका वाक्यात गोळा करणारी प्रार्थना, अशी केली जाते. तिची घडणही नेमकी असते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या उपासनेच्या, आरंभीची कलेक्ट पाहा: आधी सर्वसमर्थ देवाला हाक, मग सर्व अंतःकरणे त्याच्यापुढे उघडी आहेत ही त्याची ओळख, मग आमचे विचार शुद्ध कर ही मागणी, आम्ही तुझ्यावर पूर्ण प्रीती करावी हा तिचा हेतू, आणि शेवटी ख्रिस्ताच्या नावाने समाप्ती.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून उरलेले थोडक्यात सांगतो. ‘इव्हनसाँग’ ही सायंप्रार्थना. क्रॅन्मर यांनी मठांतील सायंकाळची आणि निजण्यापूर्वीची अशा दोन प्रार्थनांतून ती जुळवली, म्हणूनच तिच्यात येशूची आई मरिया हिचे आणि बायबलमधील वृद्ध शिमोनाचे अशी दोन गीते येतात. ‘रुब्रिक’ म्हणजे उपासकांनी काय करावे याच्या सूचना. त्या पूर्वी तांबड्या शाईत लिहीत, म्हणून हे नाव.

राहिले ‘आमेन’, म्हणजे ‘तसेच होवो’. ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’च्या १६६२ च्या आवृत्तीत धर्मगुरूंच्या प्रार्थनेला लोकांनी द्यावयाचा ‘आमेन’ तिरप्या अक्षरांत छापलेला असतो. बाकांवरच्या माणसांचा वाटा कोठे सुरू होतो, हे पुस्तकाने असे अक्षराच्या वळणातूनच दाखवून ठेवले आहे.