सिद्धांतातला माणूस : बडोद्यातून पाहिलेले राज्यशास्त्र

[दृश्य : सकाळची वेळ. सयाजीगंज. कलाशाखेचा घुमट आणि फाटकातून आत शिरणारे विद्यार्थी.]

बडोद्याच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून सयाजीगंजाच्या बाजूने चालू लागले, की थोड्याच वेळात जुन्या बडोदा कॉलेजचा घुमट नजरेत भरतो. विजापूरच्या गोलघुमटाशी नाते सांगणारी ही वास्तू रॉबर्ट चिझम यांनी आखली. येथील कॉलेज १८८१ साली सुरू झाले आणि आज या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कलाशाखा आहे. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांमधल्या अनेक पिढ्या या घुमटाखाली शिकल्या. राज्य कोणासाठी असते आणि त्याचा अभ्यास कायद्याच्या ग्रंथांतून करावा की माणसांमध्ये जाऊन करावा, या प्रश्नांनी गेल्या दोनशे वर्षांत राज्यशास्त्राला पुष्कळ फिरवले. त्या फिरण्यातले काही महत्त्वाचे मुक्काम बडोद्यात पडले आहेत आणि त्यांची आठवण या शहराने जितकी ठेवायला हवी होती तितकी ठेवलेली नाही, असे आम्हांला वाटते.

सुरुवात मात्र लंडनमध्ये होते. जॉन स्टुअर्ट मिल हे नाव राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून माहीत असते. पण हे तत्त्वचिंतक १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होते आणि त्यांतली सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानातील देशी संस्थानांविषयीचा पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. बडोद्यासारख्या संस्थानांचे वारसा, कर्ज आणि कारभार यांचे प्रश्न त्यांच्या मेजावरच्या खलित्यांचे विषय होते. नोकरी संपली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, त्यांचा स्वातंत्र्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यात व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व मांडताना त्यांनी एक अपवाद केला. जे समाज अजून वयात आलेले नाहीत, त्यांना हे तत्त्व लागू नाही, असे त्यांनी लिहिले. आधुनिक राजकीय सिद्धांतातला माणूस अशा रीतीने दोन भागांत वाटला गेला. ज्याच्यासाठी सिद्धांत लिहायचा तो एक आणि ज्याच्यावर राज्य चालवायचे तो दुसरा. आपले पूर्वज या दुसऱ्या भागात होते.

[दृश्य : राजवाड्याचे जुने छायाचित्र. किशोरवयीन सयाजीराव.]

मल्हारराव गायकवाडांना १८७५ साली पदच्युत केल्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा गोपाळ दत्तक म्हणून आणला गेला आणि तो सयाजीराव झाला. कारभार पाहायला आलेले दिवाण टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतले. त्यांनी त्याआधी त्रावणकोर आणि इंदूर या संस्थानांची दिवाणगिरी केली होती. राज्याधिकार हाती येण्याआधी, १८८१ साली, माधवरावांनी या तरुण महाराजांना राज्यकारभाराच्या तत्त्वांवर इंग्रजीतून व्याख्याने दिली आणि ती खाजगी वापरासाठी छापली गेली. नाव साधेच होते, अल्पवयीन राजाला केलेल्या सूचना, एवढेच. पण आत पाहावे तर हा आधुनिक हिंदुस्थानातला राजनीतीवरचा एक महत्त्वाचा ग्रंथ आहे. प्रजेचे सुख ही राज्याची कसोटी आहे आणि राजाच्या मर्जीला कायद्याने मर्यादा घातली पाहिजे, हे त्यातले मध्यवर्ती सूत्र. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हे माप मानणाऱ्या इंग्लंडच्या उपयुक्ततावादाचे पाणी त्यात आहे, तसाच आपल्या राजधर्माचाही संस्कार आहे, आणि तो समोर बसलेल्या अठरा वर्षांच्या एका माणसासाठी सांगितलेला असल्यामुळे त्याला एक ऊब आहे, जी मोठमोठ्या ग्रंथांना नसते.

या शिकवणीचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बोलावून गावोगाव ग्रंथालये उभी केली गेली, आणि जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या गेल्या. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी कपाटांच्या मजल्यांमध्ये जाड काचेच्या फरशा आहेत, त्यांतून वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपतो.

त्या काळातले आणखी एक काम येथे सांगितलेच पाहिजे. १९३१ साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. ज्या भाषेत अधिकार, हक्क, कर, अपील यांना नेमका शब्द नाही, त्या भाषेतल्या माणसाला राज्याशी भांडता येत नाही. त्यामुळे हा कोश केवळ कारकुनांच्या सोयीसाठी होता, असे आम्हांला वाटत नाही.

तरीही हे सारे वरून खाली आलेले होते. राजाने द्यायचे आणि रयतेने घ्यायचे. रयत म्हणजे नेमके कोण, तिच्यात एकाला दुसऱ्याची सावली का चालत नाही, हा प्रश्न माधवरावांच्या व्याख्यानांच्या कक्षेत मावणारा नव्हता.

[दृश्य : सयाजीबाग. वडाचे झाड, पारंब्या. सकाळी फिरायला आलेले लोक.]

तो प्रश्न ज्यांनी शास्त्राच्या भाषेत विचारला, ते भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. या विद्यापीठात १८८० सालीच राज्यशास्त्राची स्वतंत्र संस्था निघाली होती. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक कायदा यांचा अभ्यास तेथे एकमेकांना धरून होत असे. युरोपात त्या वेळी राज्यशास्त्र बरेचसे घटनांचे आणि कायद्यांचे शास्त्र होते. अमेरिकेत ते हळूहळू पक्षांचे, गटांचे, हितसंबंधांचे शास्त्र होऊ लागले होते. आंबेडकरांनी अर्थशास्त्र सेलिग्मन यांच्याकडे अभ्यासले, जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकली आणि ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला.

त्या निबंधाशी जरा थांबायला हवे. जात ही मनूने केली, असे आंबेडकर म्हणत नाहीत. एक माणूस कायदा करतो आणि सारा समाज तो निमूट पाळतो, ही कल्पनाच त्यांना भाबडी वाटते. त्यांचे म्हणणे असे की जातीचे मर्म गटाबाहेर लग्न न करण्यात आहे. ही बंदी टिकवायची तर मागे राहिलेल्या विधवेचे आणि विधुराचे काय करायचे, हा हिशेब समाजाला घालावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि मुलींचे बालविवाह ही त्या हिशेबाची उत्तरे आहेत. एका गटाने दार लावून घेतले, की उरलेले त्याचे अनुकरण करतात. राज्याच्या हुकुमावाचून चालणारी ही सत्ता आहे. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या वर्गात मांडलेला हा सिद्धांत राजकीय सिद्धांतच होता, कारण सत्ता कचेरीत असते तशी ती लग्नाच्या मांडवातही असते, हे त्याने दाखवून दिले.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी सराईत ते राहिले. काही दिवसांनी हाती काठ्या घेतलेला एक जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. रात्रीच्या मुंबई गाडीला वेळ होता. तो त्यांनी या कमाटी बागेत, म्हणजेच सयाजीबागेत, काढला. ज्या संस्थानाने त्यांना समुद्रापार धाडले, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना छप्पर मिळाले नाही. ही गोष्ट सांगताना बडोदेकर म्हणून आमची मान खाली जाते, आणि ती सांगितल्यावाचून सयाजीरावांच्या सुधारणांची कथा पुरी करू नये, असे आम्ही मानतो. आंबेडकरांनी आपला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो सयाजीरावांनाच अर्पण केला होता. हेही तितकेच खरे आहे.

[दृश्य : विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंचे छायाचित्र.]

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता, बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. त्याच्या आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार झाला होता. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. तो बदलून ‘मानव’ या अर्थाचा शब्द घालावा, हा आग्रह हंसाबेनांनी धरला आणि तो मान्य झाला. एका शब्दाने सिद्धांतातला माणूस दुपटीने वाढला.

विद्यापीठाची पहिली दहा वर्षे विलक्षण होती. १९५१ साली ऑक्सफर्डमधली नोकरी सोडून एम. एन. श्रीनिवास समाजशास्त्राचा विभाग उभारायला येथे आले आणि १९५९ पर्यंत राहिले. ग्रंथात दिसणारा समाज वेगळा आणि गावात जाऊन दिसणारा समाज वेगळा, हे ते विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवत. म्हैसूरकडच्या एका गावाचा त्यांनी केलेला अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘व्होट बँक’ हा शब्द त्यांनी वापरला. आज वर्तमानपत्र उघडावे आणि हा शब्द दिसू नये, असा दिवस जात नाही. पण श्रीनिवास यांचा मूळ अर्थ आपण हरवून बसलो आहोत. व्होट बँक म्हणजे एखादा अख्खा धर्म किंवा जात, असे त्यांना म्हणायचे नव्हते. गावातला बडा जमीनदार, ज्याच्या शेतावर कुळे राबतात, ज्याच्याकडून अडीनडीला धान्य किंवा पैसा उचलला जातो, त्याच्या हाती त्या घरांची मते असतात, आणि निवडणुकीत पक्षाचे लोक प्रथम त्याचा उंबरा गाठतात, हे त्यांनी पाहिले होते. दोष मतदाराचा नव्हता. तो बांधलेला होता. पुढच्या पन्नास वर्षांत शब्दाचा रोख बड्या माणसावरून हटला आणि गरिबाच्या वस्तीवर गेला, ही आपल्या सार्वजनिक भाषेत झालेली एक दुःखद उलथापालथ आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत राज्यशास्त्राची व्याख्याच बदलत होती. डेव्हिड ईस्टन यांनी १९५३ साली राजकारण म्हणजे समाजातल्या मूल्यवान गोष्टींचे अधिकृत वाटप, असे म्हटले. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये आणि अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये मतदानाला अर्थशास्त्राच्या तर्काने तपासले. सर्वेक्षणे, आकडे आणि प्रश्नावल्या यांचा काळ आला. राजकीय तत्त्वज्ञान आता मेले आहे, असे १९५६ साली पीटर लॅस्लेट यांनी लिहून टाकले. बडोद्यात हे नवे वारे आले, पण येथे ते गावात शिरले. ए. एच. सोमजी यांनी एका भारतीय गावातल्या मतदानाचा अभ्यास केला आणि तो १९५९ साली याच विद्यापीठाने प्रसिद्ध केला. बडोद्यातले तरुण अध्यापक रजनी कोठारी यांनी १९६१ साली ‘इकॉनॉमिक वीकली’मध्ये भारतीय राजकारणाचा साचा आणि त्याचा आशय यांवर लेखमाला लिहिली. दोन वर्षांनी त्यांनी दिल्लीत विकसनशील समाजांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. रुषिकेश मारू यांच्याबरोबर त्यांनी गुजरातच्या क्षत्रिय सभेचा अभ्यास करून दाखवले, की रजपूत आणि बारिया यांच्यासारखे वेगवेगळ्या प्रतिष्ठेचे समूह मतांसाठी एका नावाखाली एकत्र येतात आणि त्या ओघात जातीची जुनी कुंपणे स्वतःच सरकतात. राजकारण जातीयवादी झाले, अशी ओरड सगळीकडे चालू असताना कोठारींनी सांगितले, की खरे तर जातीचे राजकीयीकरण होत आहे. हे वाक्य आजही वादग्रस्त आहे. आंबेडकरांच्या निबंधाशेजारी ठेवले तर ते आम्हांला जरा जास्तच आशावादी वाटते, कारण मतपेटीसाठी दार उघडले तरी लग्नासाठी ते बंदच राहू शकते.

[दृश्य : पुन्हा घुमट, संध्याकाळचा उजेड.]

लॅस्लेट यांचे भाकीत टिकले नाही. जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा ग्रंथ १९७१ मध्ये आला आणि राजकीय तत्त्वज्ञान पुन्हा उभे राहिले. मात्र रॉल्स यांच्या कल्पनेतला माणूस आपली जात, लिंग, मालमत्ता काही ठाऊक नसल्याच्या पडद्याआडून न्यायाची तत्त्वे निवडतो.

भिखू पारेख यांनी नेमकी येथे हरकत घेतली. दक्षिण गुजरातेतल्या अमलसाडला जन्मलेले पारेख या विद्यापीठात शिकवत होते. पुढे ते इंग्लंडला गेले, हल विद्यापीठात शिकवू लागले, उपयुक्ततावादाचे प्रवर्तक बेंथॅम यांच्या विचारांवरचा ग्रंथ त्यांनी संपादित केला आणि १९८१ साली ते बडोद्यात कुलगुरू म्हणून परत आले. माधवरावांनी राजवाड्यात उपयुक्ततावादाचे धडे दिले, त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती. पारेख यांचा बहुसंस्कृतिवादावरचा ग्रंथ २००० साली निघाला. माणसे एका संस्कृतीत वाढतात, तिच्या डोळ्यांनी जग पाहतात, म्हणून माणसाच्या चांगल्या जगण्याचे एकच माप सर्वांना लावता येत नाही, आणि कोणतीही संस्कृती आतून एकसंध नसल्यामुळे तिलाही प्रश्न विचारता आले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो उभा करण्यासाठी ते उदारमतवादाच्या जुन्या ग्रंथांकडे परत गेले आणि त्यांनी मिल यांचा स्वातंत्र्याचा ग्रंथ पुन्हा उघडला. वयात न आलेल्या समाजांचा जो अपवाद मिल यांनी केला होता, तो अनवधानाने झालेला नव्हता, तो त्यांच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेतूनच आला होता, हे पारेख यांनी दाखवून दिले.